ऑइल रेड ओ : वर्मची चरबी बघायची असेल तर हीच डाय घ्या

नसा शरीरातल्या चरबीवर कंट्रोल कसा ठेवतात यावर आम्ही काम करतो, प्राणी म्हणजे सी. एलिगन्स, 1 मिलिमीटरचा पारदर्शक गोल कृमी, आणि वर्षभर ही पावडर वापरून झाली म्हणून आता लिहितोय.

आधी नाईल रेड ही चमकणारी दुसरी डाय बॅक्टेरियात मिसळून जिवंत वर्मना खायला द्यायचो. सोप्पं काम, पण असा खाल्लेला नाईल रेड चरबीच्या थेंबांत जातच नाही, आतड्याच्या पेशींतल्या लायसोसोमसारख्या (पेशीतला कचरा पचवणाऱ्या) पिशव्यांत जाऊन बसतो, म्हणजे चमक भरपूर पण साठवलेली चरबी ती नव्हेच. आमचे कितीतरी फोटो बाद झाले, फार वाईट वाटलं.

ऑइल रेड ओ फिक्स केलेल्या, म्हणजे मारून जसाच्या तसा टिकवलेल्या वर्मला लावायची. त्याला चरबीच्या वेगळ्या पेशी नसतात, साठा मुख्यतः आतड्यात, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा लाल थेंब स्वच्छ दिसतात. सेरोटोनिन, म्हणजे नसांचं एक निरोप्या रसायन, दिलेल्या वर्मचं आतडं फिकं पडतं आणि टीपीएच-1 जीन बिघडलेल्या, म्हणजे सेरोटोनिन बनवूच न शकणाऱ्या वर्मचं गडद लाल. आणि खरी भारी गोष्ट ही की सेरोटोनिनवाले वर्म जास्त खातात तरी चरबी कमी! म्हणजे हे नुसतं भुकेचं प्रकरण नाही. आतड्याच्या पेशींपर्यंत नस थेट पोचत नाही, निरोप एएसआय नावाच्या न्यूरॉनमधून (न्यूरॉन म्हणजे नसेची पेशी) एफएलपी-7 हे पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, घेऊन जातं, ते आतड्यावरच्या एनपीआर-22 या निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरला लागतं आणि एटीजीएल-1 हे चरबी फोडणारं एन्झाइम वाढतं. एवढी व्यवस्था फक्त 302 न्यूरॉनच्या प्राण्यात, मला अजूनही थक्क व्हायला होतं.

आता त्रास. डायचे कण फार होतात. 100 मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये 0.5 ग्रॅमचा स्टॉक करा, वापरायच्या दिवशी पाणी घालून 60 टक्क्यांवर आणा आणि फिल्टर कराच, नाहीतर वर्मवर लाल कचरा बसतो आणि चरबी कुठली नि कचरा कुठला कळत नाही. एका सप्लायरची बाटली तर फिल्टर करूनही कण सोडत होती, ती परत केली. शिवाय वर्म मेलेला असतो, त्यामुळे तोच वर्म उद्या परत बघता येत नाही, ही कमी राहणारच.

पाचपैकी साडेचार. आणि कंट्रोल वर्म, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले साधे वर्म, त्याच दिवशी, त्याच सोल्यूशनमध्ये रंगवा, कालच्या स्लाइडशी आजचा लाल रंग ताडून बघू नका.