जुन्या शिडाच्या बोटीचं रंगकाम आणि डागडुजी: एक मोसम वापरल्यानंतर

बोट बावीस फुटी, फायबरची, नव्वदच्या दशकातली. पावसाळ्यात मुंबई बंदरात शिडाची बोट ठेवता येत नाही, म्हणून गेल्या मे अखेरीस बाहेर काढली तेव्हाच माझगावच्या एका शेडमध्ये पूर्ण कामाला दिली. ऑक्टोबरात पाण्यात उतरली, मोसमभर गेटवेसमोर मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधून) होती. आता पुन्हा बाहेर आली आहे, तेव्हा काम कसं झालं ते नीट दिसतंय.

वरचा रंग उत्तम. खाली इपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग. कुठे फुगा नाही, हात फिरवला तर भुकटी लागत नाही. श्रेय मिस्त्रींच्या हट्टाला. जुलैत रंगाला हात लावायला ते तयारच नव्हते. हवा फार दमट असली की इपॉक्सीवर चिकट पापुद्रा धरतो आणि त्यावरचा रंगाचा हात सुटून येतो. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं त्यापेक्षा) निदान ३ अंश गरम लागतो, ते पावसात कुठून जमणार? तोवर त्यांनी डेकवरचं सगळं सामान काढून नव्या सीलंटवर बसवलं. माझ्या मते बिलातली सगळ्यात वसूल झालेली रक्कम हीच. पूर्वी मांडव्याकडे जाताना लाट डेकवर आली की केबिनमधली गादी भिजायची, यंदा कोरडी. लोक कौतुक करतात ते निळ्या रंगाचं!

आता तक्रारी. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे ठरले होते, काही ३०४चे निघाले. ३०४मध्ये मॉलिब्डेनम, म्हणजे मिठाचा गंज रोखणारा धातू, नसतो, त्यामुळे खाऱ्या हवेत डिसेंबरातच पांढऱ्या डेकवर चहा सांडल्यासारखे ओघळ आले. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, मालाचं सर्टिफिकेटच मागायचं.

दुसरी जास्त चीड आणणारी. बोट ज्या टेकूंवर उभी होती, ते न हलवताच अँटिफाउलिंग (तळावर समुद्री जीव चिकटू न देणारा रंग) मारलं. बाहेर काढली तर टेकूंच्या जागी बार्नेकलचे (कवचाच्या चिकट समुद्री जीवांचे) चौकोन, अगदी फूटपट्टीने आखावेत तसे. बाकी तळ बऱ्यापैकी साफ.

सुकाणूच्या सागवानी दांड्यावरचं व्हार्निश मार्चच्या उन्हात सोलायला लागलं. मुंबईत ते तसंच होणार, त्याला शेडवाले काय करतील! दांडा आता तेलावर ठेवणार.

शेड तीच, मिस्त्री तेच. फक्त यंदा टेकू हलवून त्याखाली अँटिफाउलिंगचा दुसरा हात आणि स्क्रूंचं सर्टिफिकेट, दोन्ही कोटेशनमध्येच लिहून घेतलंय.