बोट झकास, बिलात मात्र नुसती 'मोटार १ नग'

सोलापुरातल्या एका दुकानातून फायबरची सेकंडहँड बोट आणि मागं लावायचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगं भांडण नको. शेत करमाळा साइडला, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून, म्हणून ही हौस.

आधी चांगलं सांगतो. इंजिन दोरीच्या दुसऱ्या झटक्याला चालू होतं, बॉडीला कुठं चीर नाही, आणि शेठनं पोरगं पाठवून फिटिंग करून दिलं, चहा सुद्धा घेतला नाही बिचाऱ्यानं.

आता घोळ. मी विचारलं, शेठ कागदं? तर म्हणे, "मालक, पाण्यात कुठं आरटीओ उभा असतोय!" मलाही हसू आलं. पण घरी येऊन बिल बघितलं तर 'मोटार १ नग', बस्स, इंजिन नंबर नाही काय नाही, विहिरीवरचा पंप घेतल्यासारखं. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, इंजिनवाल्या बोटीला रजिस्ट्रेशन पाहिजे, बोट तपासल्याचं सर्व्हे सर्टिफिकेट पाहिजे, इन्शुरन्स पाहिजे, आणि जलाशय पाटबंधारेवाल्यांचा, त्यांची परवानगी वेगळी. या बिलावर रजिस्ट्रेशन कोण करून देणार? २१ मे २०२४ ला ह्याच उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले, आमच्याकडं अजून लोक त्याच्यावर बोलतात. आणि ह्या सेटमध्ये लाइफ जॅकेट एकपण नाही, मागितलं तर टोपी दिली, फुकट.

दुसरं म्हणजे ऑइल. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं आणि सगळं जळत नाही, उरलेलं धुरासोबत थेट पाण्यात जातं. पहिल्या दिवशी बंद करून काठाला लावली तर मागं इंद्रधनुष्यासारखा तवंग. आई काठावर उभी होती, म्हणली, "अरे हेच पाणी सोलापूरला तुझ्या मावशीच्या नळाला जातंय की, एक तर चार-पाच दिवसाआड येतंय बिचारीला, त्यात हे." काय बोलणार. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं, ते महाग पडतं पण घ्यायचं तर तेच घ्या, आणि पेट्रोल काठापासून लांब, शेतात भरा, मी नरसाळं न घेता भरलं आणि निम्मं सांडलं.

थंडीत भिगवणकडं रोहित पक्षी येतात ते तर सगळ्यांना माहितीय. उथळ पाण्यात त्यांचं खाणं चाललेलं असतं, तिथं फुल थ्रॉटल मारत गेलं की अख्खा थवा उठतो, फोटो भारी येतो पण त्यांचं पोट रिकामं राहतं. आणि पंख्यात जलपर्णी अडकते ती काढून तिथंच टाकू नका, दुसऱ्या तळ्यात बोट नेणार असाल तर आधी नीट धुवा, नाहीतर तिथंपण पसरते.

बोटीला ४ स्टार, दुकानाला १. पक्क्या बिलासाठी तीन चकरा झाल्या, दरवेळी "उद्या या मालक". तोवर बोट गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आहे, कोंबडी त्यात अंडी घालायलीय.