थंडीत सुरू न होणारा संगणक आणि नवा एसएमपीएस : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या आमच्या घरातील संगणक 2016 साली सुटे भाग आणून जुळवलेला आहे. गेल्या वर्षी डिसेंबरात तो सकाळी धड सुरू होईना. महिनाभराच्या खटपटीनंतर, जानेवारीच्या अखेरीस, मी त्याचा एसएमपीएस, म्हणजे घरातील विजेचे रूपांतर करून आतल्या सर्व भागांना पुरवणारा डबा, बदलला. त्याला आता अकरा महिने होत आले. मूळ दोष थंडीतला असल्यामुळे दुसरी थंडी पडेपर्यंत या नव्या डब्याविषयी काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते.

दोषाचे स्वरूप असे होते. सकाळी बटण दाबले की पंखा अर्धा फेरा घेई, पुढचा दिवा क्षणभर लागे आणि सगळे शांत होई. असे पाच-सहा वेळा झाले, मध्ये दहा-पंधरा मिनिटे गेली, की तो एकदम सुरू होई आणि मग रात्रीपर्यंत एकदाही कुरकुर करीत नसे. तंत्रज्ञाकडे नेल्यावर तर तो पहिल्याच दाबाला चाले. दुखणे वैद्यासमोर पळून जाते, तसाच हा प्रकार होता.

पहिला सल्ला मिळाला तो विंडोज नव्याने टाकण्याचा, आणि मी तो ऐकला, याची आजही चुटपुट लागते. पडद्यावर मदरबोर्डच्या, म्हणजे सर्व भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीच्या, कंपनीचे चिन्हसुद्धा उमटण्यापूर्वी जो संगणक थांबतो, तो विंडोजपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तेव्हा विंडोज पुसून काय साधणार, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. चिन्ह येऊन गेल्यावर गोल फिरणारे ठिपके अडकत असतील, तर डिस्क किंवा विंडोजकडे पाहावे. पंखे फिरत राहतात पण पडदा काळा राहतो आणि बीप वाजतात, असे असेल तर आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृतीची पट्टी, पाहावी. माझ्याकडे यांपैकी काहीच होत नव्हते. तरीही रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसून झाल्या, आणि त्यानंतर दोन दिवस संगणक नीट सुरू झाल्याने रोग सापडला अशी आमची समजूतही झाली. तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

खरा धागा मुलामुळे हाती लागला. आमच्याकडे रात्री भिंतीवरचे बटण बंद करायची शिस्त आहे. तो परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत बसे आणि ते बटण बंद करायला विसरे. त्या रात्रींनंतरच्या सकाळी संगणक पहिल्याच दाबाला सुरू होतो, हे माझ्या लक्षात आले. मग मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली: रात्री बटण चालू की बंद, आणि सकाळी किती वेळा दाबावे लागले. बंद ठेवलेल्या चारही सकाळी त्रास झाला, चालू ठेवलेल्या तिन्ही सकाळी झाला नाही. तंत्रज्ञाच्या टेबलावर तो का चाले, याचाही उलगडा झाला, कारण तिथे आधी तारा जोडल्या जात, मग बोलणे होई आणि सावकाश बटण दाबले जाई.

भिंतीवरचे बटण चालू असले की संगणक बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो आणि मदरबोर्डला सतत 5 व्होल्ट देत राहतो. समोरचे बटण दाबल्याची दखल मदरबोर्ड याच विजेवर घेतो. या भागातल्या कपॅसिटरमधील, म्हणजे वीज थोडा काळ साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांमधील, द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. वीज लागून ते थोडे ऊबदार झाले की पुन्हा काम चालण्याइतके सुधारतात. मल्टीमीटर हाताळण्याची सवय असलेल्या एका मित्राने 24 पिनांच्या जोडणीतील, हे 5 व्होल्ट आणणाऱ्या जांभळ्या तारेवर मोजले, तेव्हा गार अवस्थेत 4.3 व्होल्ट मिळाले आणि पंधरा मिनिटांनी 4.9. इथे 5 टक्क्यांची सूट धरली, तरी 4.75 च्या खाली जाऊन चालत नाही. हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडून पंखा फिरवून दाखवण्याची लोकप्रिय चाचणी त्याने केली नाही, ते बरेच झाले. भार नसताना पंखा फिरला म्हणून डबा निरोगी ठरत नाही.

नवा डबा घेताना मी खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्यापेक्षा आतील तक्ता वाचला. जुन्या डब्यावरही 450 वॅट असेच छापलेले होते, पण 12 व्होल्टच्या रकान्यात फक्त 14 अँपिअर होते, म्हणजे जेमतेम 168 वॅट. प्रोसेसरला लागणारी वीज मात्र याच रकान्यातून येते. नव्याचे वॅट तेवढेच, पण 12 व्होल्टवर 36 अँपिअर, म्हणजे 432 वॅट. त्याला 80 प्लस ब्राँझ हे मानांकन आहे, म्हणजे अर्ध्या भारावर किमान 85 टक्के कार्यक्षमता. किंमत तीन हजारांच्या आसपास पडली. कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्याच्या मानाने ती जास्त वाटते.

या अकरा महिन्यांत संगणक एकदाच सुरू झाला नाही, आणि तो दोष माझा होता: जुलैत धूळ काढताना रॅम पुरती बसवली नव्हती, त्यामुळे बीप वाजत राहिले. या डिसेंबरात भिंतीवरचे बटण मी रोज रात्री मुद्दाम बंद ठेवतो आहे. पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेल्या सकाळीही पहिल्या दाबाला पडदा उजळला.

तक्रारी दोन आहेत. तारा सुट्या करता येत नाहीत, त्यामुळे न लागणाऱ्या तारांचा मोठा जुडगा छोट्या कॅबिनेटमध्ये कोंबावा लागला आणि त्याने पुढच्या पंख्याची वाट थोडी अडवली आहे. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी पंख्याचा आवाज शांत खोलीत जाणवतो. वीजबिल कमी होईल या आशेने मात्र हा डबा घेऊ नये. आमच्या वापरात तरी फरक दिसला नाही.

एक गोष्ट एसएमपीएसने सुटली नाही. दर सकाळी तारीख मागे जायची आणि त्यामुळे बँकेचे संकेतस्थळ उघडत नसे. त्याचे कारण मदरबोर्डवरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा सेल होता. भिंतीवरचे बटण बंद असताना घड्याळ केवळ त्यावर चालते, आणि नऊ वर्षांत तो संपला होता. पन्नास रुपयांच्या आत नवा मिळाला.

जुना डबा उघडून कपॅसिटर बदलून पाहावेत, असे मुलाचे म्हणणे होते. मी नाही म्हटले, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि तार काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. डबा तसाच बंद अवस्थेत ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला.