मांजराच्या जंतांवर उपचार : विश्रामबागेतील दवाखान्याचा अनुभव

आमच्या मनीच्या शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले, तेव्हा आम्ही तिला सांगलीतील विश्रामबाग भागातल्या एका पशुवैद्यकांकडे नेले. त्याआधी एका दुकानातून, वजनही न विचारता दिलेले पायरँटेलचे औषध पाजून झाले होते. ते गोल जंतांवर चालते, पट्टकृमींवर (फितीसारखे चपटे जंत; ते पांढरे तुकडे त्यांचेच) नाही, हे तिथे कोणी सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी आधी मनीला काट्यावर ठेवले, वजन ३.२ किलो भरले. विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मग वजनाच्या हिशेबाने पट्टकृमींवरच्या प्राझिक्वांटेलची गोळी स्वतः तिच्या जिभेच्या मुळाशी ठेवून गिळवली. सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांचे समजावणे : हे पट्टकृमी पिसवांमधून येतात, अंग चाटताना मांजर पिसू गिळते, म्हणून पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर गोळीचा गुण टिकत नाही. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसूनाशक औषध मांजराला विषारी ठरते, हेही त्यांनी बजावले. संध्याकाळी तासभर थांबावे लागते आणि मांजरांसाठी वेगळी जागा नसल्याने मनी पिंजऱ्यात थरथरत होती. ही उणीव मात्र दूर व्हायला हवी.