शहापूर खडेबाजारातले ब्लॅकआऊट पडदे: कापड झकास, कडा ढिल्या

सून अमेरिकेच्या वेळेवर घरून काम करते, उजाडताना झोपते. बेळगावात टिळकवाडीतली आमची ती खोली पूर्वेची, म्हणजे ऊन थेट डोळ्यांवर. म्हणून शहापूरच्या खडेबाजारात, साड्यांच्या दुकानांच्या ओळीत एक पडदेवाला आहे, त्याच्याकडून ब्लॅकआऊटचे पडदे शिवून घेतले. "काकू, दुपारी बाराला रात्र करून देतो की!" मालक म्हणाले.

त्यांना काय माहीत, या मालाची गिऱ्हाईक मी चौथीपासूनची. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही आग्र्याला होतो. वडील एअरफोर्सचे, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या तळावरून बदली झालेली. ३ तारखेला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी बऱ्याच विमानतळांवर हल्ला केला, त्यात आग्राही होतं. पडदे कुठले, आईने बेळगावहून नेलेल्या वाकळा खिळे मारून खिडक्यांवर ताणल्या. काचांवर कागदाच्या पट्ट्या खळीने फुलीसारख्या डकवल्या, हादऱ्याने काच फुटली तरी तुकडे उडू नयेत म्हणून. अंधार नीट पाळला जातोय का ते बघायला वॉर्डन फिरायचे. फटीतून उजेडाची एक रेघ दिसली की खालून आरडाओरडा. ताजमहालावरसुद्धा तागाचं कापड घातलं होतं, संगमरवर चांदण्यात वरून दिसतो म्हणून. "केवढी वाकळ लागली असेल!" आईला त्याचंच नवल.

तेव्हा उजेड बाहेर जायला नको होता, आता आत यायला नको. परीक्षा मात्र मी वॉर्डनचीच घेतली. रात्री खोलीत ट्यूब लावली, पडदे ओढले आणि मुलाला खाली रस्त्यावर उभं केलं. कुरकुरला, पण गेला.

कापडाला पूर्ण मार्क. मागे रबरासारखा लेप आहे, मधून कणभर उजेड येत नाही. पण दोन्ही बाजूंना बोटभर फट, आणि वर दांडीच्या मागून छत उजळलेलं. "आई, खिडकीची चौकट काढल्यासारखी दिसतेय," मुलगा खालून म्हणाला. आग्र्यात असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या. शिवाय जोडाच्या शिवणीवर बारीक ठिपके. लेपाच्या कापडात सुई गेली की भोक राहतं, ते बुजत नाही. यावर उपाय म्हणजे मध्ये काळं सूत विणलेलं कापड. ते त्यांच्याकडे आहे, महाग आहे, आणि विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

तक्रार घेऊन गेले तर मालकांनी वाद घातला नाही. कारागीर घरी आला, दांडीची टोकं भिंतीकडे वळवली, वर दांडी झाकणारी लाकडी पेटी, पेल्मेट म्हणतात ते, बसवलं. त्याचे पैसे वेगळे घेतले, ते मला पटलं नाही. मापं घ्यायला आला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सून दुपारपर्यंत गाढ झोपते.

२०२५ च्या मे मध्ये देशभर युद्धाच्या तयारीची मॉक ड्रिल झाली तेव्हा हेच पडदे 'युद्धासाठी' मागायला लोक आले होते, असं मालक कौतुकाने सांगत होते. जाड आहे, काच फुटली तरी अंगावर येणार नाही, असंही म्हणाले. ते काही खरं मानू नका. काचेला पट्ट्याच लावाव्या लागतात आणि खिडकीपासून लांब बसावं लागतं. पडदा झोपेसाठी घ्या.

पाचपैकी साडेतीन. शिलाई दोन दिवसांत म्हणतात, आठवडा धरून चला. गणपतीच्या तोंडावर तर जाऊच नका.