टॉवेलच्या ईआरपीत ऑन्टोलॉजी: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आमच्या एका ग्राहकाचा फोन आला. बाहेरच्या राज्यातल्या खरेदीदारानं मरून टॉवेलांचा माल परत पाठवला होता, कारण एकाच गाठीत दोन छटा निघाल्या होत्या. कुठल्या डाईंगचं सूत कुठल्या भीमावर (मागावरचा ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) चढलं, एवढंच शोधून द्यायचं होतं. त्याला दोन दिवस लागले, आणि तेही शेवटी शेडमधली वही उघडल्यावर सापडलं.

आम्ही सोलापुरात सहा जण मिळून यंत्रमाग कारखान्यांसाठी ईआरपी, म्हणजे खरेदीपासून बिलापर्यंत सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, बनवतो. सॉफ्टवेअर अकरा वर्षांचं आहे, जावात लिहिलेलं, खाली मायएस्क्यूएल डेटाबेस. त्यात 'लॉट नंबर' हा रकाना पाच टेबलांत आहे. डाईंगवाल्यासाठी लॉट म्हणजे एका वेळी एका भांड्यात रंगवलेलं सूत. शेडमध्ये लॉट म्हणजे एका भीमावरून निघालेला माल. डिस्पॅचला लॉट म्हणजे एका ऑर्डरच्या गाठी. कोड तपासला तर तो बरोबर चालत होता. एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबल्या होत्या, आणि ते आम्हीच केलं होतं. त्या आठवड्यात मी ऑन्टोलॉजीचा विषय टीमसमोर मांडला. आता दहा महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या कामाच्या जगात कुठल्या वस्तू आहेत, त्यांना काय म्हणायचं, त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे संगणकाला वाचता येईल असं लिहून ठेवणं म्हणजे ऑन्टोलॉजी. टॉम ग्रुबर यांची १९९३ची व्याख्या आजही सगळे सांगतात: संकल्पनांच्या मांडणीचं स्पष्ट, लेखी विवरण. लिहायची पद्धत आरडीएफ, नियमांची भाषा आऊल, प्रश्न विचारायची भाषा स्पार्कल. तिन्ही डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेची प्रमाणं आहेत, म्हणजे एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाहीत. अकरा वर्षं जुनं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

साधनं सगळी मोफत मिळाली. मांडणीसाठी स्टॅनफर्डचं प्रोटेजे, माहिती साठवायला आणि विचारायला अपाची जेना आणि त्यातलाच फ्युसेकी सर्व्हर. ऑफिसातल्या आठ जीबीच्या जुन्या मशीनवर फ्युसेकी दहा महिने चाललाय. शिकताना सगळ्यांना मँचेस्टर विद्यापीठाचं पिझ्झाचं उदाहरण भेटतं, आम्हालाही भेटलं. ते करून बघा, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या धंद्यातली एक वस्तू घ्या. आम्ही वजन घेतलं.

वजनाचा किस्सा सांगायलाच हवा. आमच्या ग्राहकाकडे तीस वर्षं शेड सांभाळणारे एक मास्तर आहेत. मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले आणि विचारलं, टॉवेलचं वजन तुम्ही कुठं लिहिता? ते म्हणाले, "मॅडम, वजन वजन काय करलालाव? कुठलं वजन ते सांगा की." मग त्यांनी चार वजनं सांगितली. मागावरून उतरलेल्या मालाचं ग्रे वजन. धुऊन, खळ निघून गेल्यावरचं फिनिश वजन, जे कमी भरतं. व्यापाऱ्याशी बोलायचं ते डझनाचं वजन. आणि निर्यातीच्या कागदावरचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. तीस बाय साठ इंचाचा ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅमचा होतो, आणि डझन साडेपाच किलोच्या थोडा वर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्यांसाठी 'वजन' नावाचा एकच आकडा होता, आणि प्रत्येक रिपोर्ट आपापल्या समजुतीनं त्याला गुणत किंवा भागत होता. आता ऑन्टोलॉजीत चार वेगळे गुणधर्म आहेत, प्रत्येकाला एकक जोडलेलं. एककं आम्ही बनवली नाहीत. क्यूयूडीटी नावाची तयार ऑन्टोलॉजी आहे, तिची सुरुवात नासातल्या कामातून झाली, ती घेतली. तयार मिळतं तिथं तयारच घ्यावं, हे मला फार उशिरा पटलं.

या तंत्रज्ञानानं मला सगळ्यात जास्त समाधान दिलं ते भाषेच्या बाबतीत. सोलापूरच्या शेडमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात येतात. आपण माग म्हणतो, तेलुगू कारागीर मग्गम म्हणतो, कन्नड माणूस मग्ग म्हणतो. आरडीएफमध्ये प्रत्येक नावाला भाषेची खूण लावता येते, आणि स्कॉस या प्रमाणात मुख्य नाव वेगळं आणि पर्यायी नावं वेगळी ठेवायची सोय आहे. वस्तू एक, ओळखक्रमांक एक, नावं हवी तितकी. पूर्वी आमच्याकडे भाषांतराच्या फायली होत्या आणि त्या स्क्रीनवरच्या बटणांपुरत्या होत्या. आता कामगार कुठल्याही नावानं शोधो, माग तोच निघतो. भीम हा शब्दही मुख्य नाव म्हणून घेतला. इथं कुणी त्याला बीम म्हणत नाही, मग आमच्या स्क्रीनवर तरी का असावं?

ओळखक्रमांकाबद्दल एक चूक आधीच सांगून ठेवते. आरडीएफमध्ये ओळखक्रमांक हा वेबच्या पत्त्यासारखा असतो. सुरुवातीला आम्ही प्रत्येक संकल्पनेच्या पत्त्यातच तिचं नाव घातलं होतं. तिसऱ्या महिन्यात 'लॉट' तिघांत फुटला तेव्हा पत्ते बदलावे लागले, आणि त्या पत्त्यांवर उभा असलेला सगळा कोड हलला. आता पत्त्यात नुसता आकडा असतो, नाव बाहेर. जीवशास्त्रातल्या मोठ्या ऑन्टोलॉजी कधीपासून असंच करतात.

आता आऊलकडे येते, कारण इथंच माझे दोन महिने गेले. आमची समजूत अशी होती की नियम लिहिला की चुकीची माहिती अडेल. 'विणतो' हे नातं मागापासून टॉवेलकडे जातं, असं आम्ही लिहिलं. एका मुलानं डेटा भरताना कारागिराला 'विणतो' जोडलं, जे मराठीत अगदी बरोबर आहे. रीझनरनं, म्हणजे नियमांवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रामनं, चूक दाखवली नाही. त्यानं निष्कर्ष काढला की तो कारागीर हा एक यंत्रमाग आहे! आऊलमध्ये ही मर्यादा अडवण्यासाठी नसते, त्यावरून अनुमान काढलं जातं. माणूस आणि यंत्र कधीच एक असू शकत नाहीत हे स्वतंत्र वाक्य लिहिलं, तेव्हा कुठे विसंगती दिसली. दुसरा प्रसंग याहून गमतीचा. एका सूत-लॉटला एकच डाईंग, असा नियम होता. चुकून दोन डाईंगची नावं पडली. रीझनर म्हणाला, मग ही दोन्ही एकच डाईंग असणार. नावं वेगळी म्हणजे वस्तू वेगळ्या, असं आऊल गृहीत धरत नाही.

आणि प्रत्येक सूत-लॉटला रंगपावती हवीच, हा नियम लिहिल्यावरही पावती नसलेले लॉट बिनबोभाट पुढे जात राहिले. कारण आऊलच्या दृष्टीनं पावती असणारच, आपल्याला अजून माहीत नाही इतकंच. खुलं जग मानणारी ही विचारपद्धत इंटरनेटभर पसरलेल्या अर्धवट माहितीसाठी बरोबर आहे. कारखान्याच्या हिशोबात पावती नाही म्हणजे नाही.

याचं उत्तर शॅकल. हे प्रमाण जुलै २०१७मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीचं शिकवणीचं साहित्य वाचलं तर सगळं आऊलमध्येच करायचं असा समज होतो, आमचा झाला तसा. शॅकलमध्ये माहितीचा आकार लिहायचा: सूत-लॉटला किमान एक रंगपावती, जीएसएम शून्याहून मोठं, भीमाला किमान एक सूत-लॉट. नसेल तर सरळ तक्रार येते. तक्रारीचा मजकूर हव्या त्या भाषेत लिहिता येतो, आणि आम्ही तो मराठीत लिहिला: 'या सूत-लॉटला रंगपावती जोडलेली नाही.' पहिल्या रात्री तपासणी चालवली आणि सकाळी अहवाल इतका लांब होता की मी चहा घेऊनच बसले. त्यातल्या बऱ्याच नोंदी आमच्याच जुन्या आयातीतल्या होत्या. एक एक करत दसऱ्यापर्यंत साफ केल्या. मला कुणी विचारलं की एकच गोष्ट शिकायची तर कुठली, तर मी शॅकल सांगेन, आणि ते शिकण्यापुरतं आरडीएफ.

कंटाळवाणा भाग म्हणजे जुन्या टेबलांतून आरडीएफ काढणं. त्यासाठी आरटूआरएमएल हे प्रमाण आहे, कुठला रकाना कुठल्या गुणधर्माला जातो ते लिहायचं. अवघड नाही, पण वेळखाऊ आहे, आणि हे काम कुणी टाळू शकत नाही. फायली टर्टल या वाचायला सोप्या रूपात ठेवा. आम्ही आधी आरडीएफ-एक्सएमएल ठेवलं होतं, गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) काय बदललं ते डोळ्यांना दिसेना.

सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामात याचा काय उपयोग झाला, याचं माझ्याकडे एक पक्कं उदाहरण आहे. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला आणि २२ तारखेपासून तो लागू होणार होता. टॉवेलसारख्या तयार कापडी वस्तूंना पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंत पाच टक्के आणि वर बारा टक्के होते. आता मर्यादा २५०० आणि त्यावर अठरा टक्के. हातात एकोणीस दिवस. सुदैवानं ऑगस्टमध्ये आम्ही ग्राहकांच्या मागण्या, मॉड्यूल, टेबलं आणि टेस्ट यांची नाती त्याच आलेखात, म्हणजे आरडीएफमधल्या जोडलेल्या माहितीच्या जाळ्यात, भरली होती: ही मागणी या मॉड्यूलनं पूर्ण केली, हे मॉड्यूल त्या टेबलावर अवलंबून, ही टेस्ट ते तपासते. स्पार्कलमध्ये एका नात्यावरून दुसऱ्यावर, कितीही पायऱ्या, असं एका ओळीत जाता येतं. 'नगाची विक्री किंमत' या संकल्पनेपासून निघालो आणि तिला हात लावणारं सगळं बाहेर आलं. बिलिंग अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हता तो गिफ्ट सेटचा हिशोब, जिथं कुणीतरी सेटची किंमत नगाची म्हणून मर्यादेशी ताडली होती. त्या ठिकाणी टेस्टही नव्हती, आणि तेही आलेखातच दिसलं. कोडमध्ये नुसतं १००० शोधलं असतं तर ते सापडलं नसतं, कारण तिथं मर्यादा सेटिंगच्या टेबलातून येत होती.

हे नुसतं वाचायला छान वाटतं, म्हणून उलट बाजूही. ही नाती हातानं भरावी लागतात. दोन आठवडे कुणी भरली नाहीत तर आलेख खोटं बोलायला लागतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमचे निम्मे लोक रजेवर होते, घाईत दोन दुरुस्त्या आलेखात न नोंदवता गेल्या, आणि फेब्रुवारीत त्याच जागी आम्ही अडखळलो. आता मागणीचा क्रमांक न दिलेला बदल बिल्डच घेत नाही. मुलं कुरकुरतात. मी ऐकून घेते, पण नियम काढत नाही.

वेगाबद्दल. हर्मिट रीझनर नुसत्या संकल्पनांवर काही सेकंदांत काम संपवतो. उत्साहाच्या भरात आम्ही एकदा वर्षभराचे सगळे लॉट त्याच्यासमोर टाकले आणि दुपारी जेवून आलो तरी तो चालूच होता. तेव्हापासून अनुमान फक्त संकल्पनांवर, खरा माल शॅकल आणि स्पार्कलकडे. रोजचे व्यवहार अजूनही मायएस्क्यूएलमध्येच होतात आणि ते तिथंच राहतील. बिल छापायला आलेखाची गरज नाही.

छटेची तक्रार डिसेंबरमध्ये पुन्हा आली, दुसऱ्या ग्राहकाकडून, निळ्या रंगाची. कशापासून काय तयार झालं हे नोंदवण्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं प्रोव्ह-ओ नावाचं तयार शब्दभांडार आहे, २०१३चं. गाठ, टॉवेल, भीम, सूत-लॉट ही साखळी आम्ही त्यात बांधली होती. फोन चालू असतानाच उत्तर निघालं: त्या भीमावर दोन सूत-लॉट चढले होते, आणि त्याच भीमाचा माल अजून तीन गाठींत होता. त्या तीन गाठी गोदामातून निघायच्या आधी थांबल्या. माल परत येण्याचं भाडं, व्यापाऱ्याचं तोंड, पुढची ऑर्डर, हे सगळं ज्यांनी सोसलंय त्यांना या तीन गाठी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

घ्यावं कुणी? तुमचं सॉफ्टवेअर एकाच खात्यात वापरलं जात असेल आणि सगळे एकच भाषा बोलत असतील, तर नीट लिहिलेली शब्दांची यादी पुरेल. माल पाच हातांतून जात असेल आणि प्रत्येक हात त्याला वेगळं नाव देत असेल, तर घ्या. नव्या माणसाला हात बसायला आमच्याकडे साधारण दोन महिने लागले, तेवढे धरून चाला. आणि टीममध्ये किमान दोघांना ते यावं. पहिले चार महिने फक्त मला येत होतं आणि मी रजा घेऊ शकत नव्हते.

पाडव्यानंतर चादरीचं काम घेतोय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे कुठला माल त्या नावानं विकता येतो हेही आलेखात यायला हवं. नक्षी, जकार्डचे पत्ते (नक्षीसाठी भोकं पाडलेली कार्डं), दोन बाजूंचे रंग, यातलं काहीच आमच्या टॉवेलच्या मांडणीत बसत नाही. मास्तरांकडून पहिल्या दोन दिवसांची वेळ घेतलीये, आणि या खेपेला वहीसोबत तेलुगू लिहू शकणाऱ्या एका सहकाऱ्यालाही नेणार आहे.