ब्लोअर सर्व्हिस सेंटरला न्यायचा, मिस्त्रीकडे, की शेडमध्येच उघडायचा?

ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुगून कोवळी फूट निघायच्या बेतात, आणि रात्री पावसाची एक सर येऊन गेलेली. द्राक्षवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. रानात वाफसा असो नसो, सकाळी डाऊनी या बुरशीच्या रोगावर फवारणीला ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, घेऊन निघायचंच. अशाच एका सकाळी निफाडहून भाच्याचा फोन आला, "मामा, ब्लोअर प्रेशरच धरत नाही. काटा चढतो आणि लगेच पडतो." म्हटलं, पंपाच्या वर तेलाची वाटी आहे, तिच्यात डोकाव. तेल दुधासारखं पांढरं झालं होतं. डायफ्राम, म्हणजे पंपातली रबरी चकती, फाटला की पाणी तेलात शिरतं आणि असा चहा होतो. निदान फोनवर दोन मिनिटांत झालं. दोन दिवस गेले ते डायफ्राम आणायचा कुठून आणि बसवायचा कुणी, यात.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली, त्यामुळे ओळखीतले लोक मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही बंद पडलं की मला विचारतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: कंपनीच्या सेंटरला देऊ, बाहेर देऊ, की स्वतः उघडू? वस्तू बदलली की माझं उत्तरही बदलतं.

सेंटरपासून सुरुवात करतो. वॉरंटी चालू असेल तर विचार करायचाच नाही, सरळ सेंटर. पार्ट अस्सल, कामाचं बिल, आणि पुन्हा बिघडलं तर धरायला एक माणूस. वॉरंटी संपल्यावर मात्र चित्र पालटतं. भाच्याचा ब्लोअर तिसऱ्या वर्षात होता. अधिकृत डीलरकडून उत्तर आलं, "डायफ्रामचं किट सुटं येत नाही, पंपाचं अख्खं हेड मागवावं लागेल. आठ दिवस धरा." तळहातावर मावतील अशा रबरी चकत्यांसाठी अख्खं हेड! आणि आठ दिवस? पान ओलं राहिलं की डाऊनीला काही तास पुरतात. तोवर बाग काय थांबणार होती?

दुरुस्तीच्या हक्काचा सगळा वाद नेमका इथे आहे. वस्तू तुम्ही विकत घेतली, पण सुटा पार्ट, मॅन्युअल आणि कधी कधी सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीकडेच राहते. मग दुरुस्ती कुठे, कधी आणि कितीला, हे दुसराच कुणीतरी ठरवतो.

पिंपळगावला एक मिस्त्री आहे, पंपाशिवाय दुसरं काही करत नाही. त्याच्याकडे तशाच मापाचं किट निघालं. त्याने तिन्ही डायफ्राम एकदम बदलले. एक फाटला म्हणजे बाकीचे दोन त्याच वयाचे, ते काय राहणार? जुनं तेल नुसतं ओतून दिलं नाही, आतून धुऊन काढलं. बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले, नाहीतर झाकण एका बाजूला बसतं आणि तिथूनच गळती लागते. भाचा शेजारी बसून सगळं बघत होता. संध्याकाळी ब्लोअर बागेत.

म्हणून बाहेरचा मिस्त्री नेहमी बरा, असं समजू नका. हाच भाचा मागच्या वर्षी फोनचा डिस्प्ले एका दुकानातून बदलून आला आणि दोन महिन्यांत कडेने हिरवी रेघ आली. कुठला डिस्प्ले टाकला ते याने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं आणि बिलही दिलं नव्हतं. मोबाइलच्या बाजारात 'ओरिजिनल' या शब्दाला चार अर्थ असतात: कंपनीचा नवा, दुसऱ्या फोनमधून काढलेला, चांगली कॉपी आणि हलकी कॉपी. तुमचा फोन ओएलईडीचा असला तरी स्वस्तात एलसीडी बसवून मिळतो. चित्र दिसतं, पण काळा रंग राखाडी होतो. नाशिकच्या एम.जी. रोडवर उत्तम कारागीर आहेत, मायक्रोस्कोपखाली बोर्डावरची आयसी, म्हणजे चिप, बदलणारे. त्यांना चार प्रश्न विचारले तर राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे फोन देऊ नका. पार्ट कुठला, वॉरंटी किती दिवसांची, जुना पार्ट परत मिळणार का, आणि बिल. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ते मागताना संकोच नको.

फोनमध्ये आणखी एक भानगड आहे, जी पंपात नाही. काही कंपन्या पार्टची ओळख बोर्डाशी बांधून ठेवतात. अलीकडच्या आयफोनमध्ये बाहेर बॅटरी किंवा डिस्प्ले बदलला तर सेटिंगमध्ये 'अननोन पार्ट'चा संदेश येऊ शकतो. फोन चालतो, पण विकताना समोरचा तोच संदेश दाखवून भाव पाडतो. वर्ष-दोन वर्षांत विकायचा असेल तर सेंटर. फोन जुना असून मरेपर्यंत वापरायचा असेल, तर खात्रीचा कारागीर पुरतो. एवढंच, की पाण्यापासून बचावाचं सील एकदा उघडलं की कारखान्यासारखं बसेल याचा भरवसा धरू नका. आणि सेंटर असो की दुकान, देण्याआधी बॅकअप घ्या.

आता स्वतः उघडण्याचं. नोझल आणि गाळण्या साफ करणं, तेल बदलणं, वॉशिंग मशीनचा ड्रेन फिल्टर, मिक्सरचा कपलर, हे ज्याला पाना धरता येतो त्याने स्वतःच करावं. डायफ्रामही एकदा बघितला की अवघड नाही. पण ट्रॅक्टरचं इंजिन बंद केल्याशिवाय पीटीओ शाफ्टजवळ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ, हात नाही, ही माझी अट आहे आणि तिच्यात मी कुणाचंच ऐकत नाही. मायक्रोवेव्ह उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका चार्ज धरून असतो. फुगलेल्या फोनच्या बॅटरीला स्क्रूड्रायव्हर लावू नका. एसीच्या गॅसच्या वाटेलाही जाऊ नका. नव्या एसींमध्ये बऱ्याचदा आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो.

सेंटरवाले हमखास एक भीती घालतात, "बाहेर उघडलंत तर वॉरंटी गेली." गाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली. १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड झाला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळू द्या, आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असा आदेशाचा आशय होता. पुढे अपिलं झाली, ती वेगळी गोष्ट. शिवाय हा आदेश गाड्यांचा आहे, तुमच्या फ्रिजला तो तसाच लागू होत नाही. तिथे वॉरंटी कार्डावरचं बारीक अक्षर वाचावंच लागतं.

'दुरुस्तीचा हक्क' या नावाचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. त्यात सहभागी कंपन्यांची मॅन्युअलं, सेवा केंद्रं आणि वॉरंटीची माहिती एका जागी देण्याचा हेतू आहे. मी खरेदीआधी तिथे एक नजर टाकतो. फ्रान्सने २०२१मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्त करायला किती सोपी याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३मध्ये खास शेती यंत्रांसाठी कायदा केला, कारण तिथे ट्रॅक्टरचा साधा एरर कोड काढायलाही डीलरची वाट बघावी लागत होती. आपल्याकडचे ट्रॅक्टर अजून बरेचसे पाना-हातोडीचे आहेत, म्हणून आपल्याला त्याची झळ कमी. नव्या मॉडेलांत सेन्सर वाढत चाललेत, तेव्हा डीलरला आत्ताच विचारून ठेवा.

सेंटरने पैसे घेऊन काम बिघडवलं, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे नाही सुटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. वस्तूसाठी किंवा कामासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतःच वापरायला यंत्र घेणारा शेतकरीही ग्राहकच ठरतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कुठे न्यायचं हे मी तरी किमतीवरून ठरवत नाही, वस्तू बंद राहण्याची किंमत काय यावरून ठरवतो. वॉशिंग मशीन आठ दिवस बंद राहिली तर घरात कुरकुर होते, एवढंच. सेंटरची वाट बघा. हंगामातला ब्लोअर एक दिवसही बंद चालत नाही, त्याला जवळचा मिस्त्री आणि शेडमधलं एक किट पाहिजेच. फोन मधोमध कुठेतरी.

यंदा भाच्याने दुसरा ब्लोअर घ्यायचं काढलं, तेव्हा सोबत मीही गेलो होतो. पहिल्या दुकानात त्याने एअर आउटपुट विचारलं नाही, टाकी किती लिटरची तेही नाही. "डायफ्रामचं किट सुटं मिळतं का?" दुकानदार म्हणाला, "अहो, नव्या मशीनला कशाला लागतंय?" आम्ही उठलो. दुसऱ्या दुकानातल्या पोराने काउंटरखालून पाकीट काढून पुढे ठेवलं, वर किंमत छापलेली. भाच्याने तिथेच ॲडव्हान्स दिला आणि किट मात्र रोखीने दोन घेतली.